घरात मोठं माणूस

१

लातूरला मे महिन्यात दुपारी पाठ टेकायची तर कूलर लागतो, आणि कूलर म्हटला की आवाज आलाच. ज्याला हे चालत नसेल त्यानं थंड हवेच्या गावाला बदली करून घ्यावी. बाकी सगळं लातूर कूलरच्या आवाजात घोरतं आणि चार वाजता उठून चहा पितं. त्यात तक्रार करण्यासारखं काही आहे, असं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

रविकिरणच्या मात्र आलं. तो एका क्लासमध्ये पोरांना फिजिक्स शिकवायचा, आणि त्यातही ध्वनीचा धडा म्हणजे त्याचा हातखंडा. बाकावर स्टीलचा डबा ठेवून तो असा काही थरथरवून दाखवायचा की मागच्या बाकावरची पोरंही मोबाईल खाली ठेवायची. 'प्रत्येक वस्तूचा स्वतःचा एक आवाज असतो,' असं तो सांगायचा. पोरं ते लिहून घ्यायची. त्याला मात्र ते घरी येऊन ऐकावं लागायचं.

घर नवंकोरं होतं, दालमिलच्या मागल्या कॉलनीत. समोर हॉल, मधली खोली, मागं स्वयंपाकघर. घर बघायला हा गडी गेला होता रविवारी, आणि रविवारी मिल बंद असते. व्यवहार झाला, दूध उतू घालून झालं, आणि सोमवारी सकाळी मिल सुरू झाली तेव्हा त्याची बायको पुनम भिंतीला हात लावून म्हणाली, "अहो, घर हलून राहिलं का?"

मिलचं राहू द्या, ती तरी परकी. घरातल्यांचं काय करायचं? फ्रिज घुरघुरायचा. पंखा कुर्र-टिक, कुर्र-टिक करायचा. इन्व्हर्टर एका सुरात ऊंऽऽ लावून बसायचा. मिक्सर लावला की शेजारचं कुत्रं उत्तर द्यायचं. आईला जसं डोळे मिटून कळतं की कुठलं पोरगं रडतंय, तसे रविकिरणला हे आवाज ओळखू यायचे, आणि प्रत्येकाचा राग वेगवेगळा यायचा.

तरी त्यानं ते चालवून घेतलं असतं. पण नायगावहून सासऱ्यांचा फोन आला.

"जावाईबापू," रामकिशनमामा म्हणाले, "पोरीला सातवा सरला. न्यायला कधी येऊ?"

"मामा, बाळंतपण इथंच करायचं ठरलंय. दवाखाना गल्लीच्या तोंडाला आहे. मामी येतीलच राहायला."

"मामी येईल पेरणी झाल्यावर. तवर? पहिलटकरीण बाई, अन् घरात मोठं माणूस न्हाई. कोण बघंल?"

"मी आहे की."

"तुम्ही क्लासला जाता. अन् तुम्ही काय मोठं माणूस?" मामा मनापासून हसले. मग एकदम थांबले. "ते मागं काय वाजून राहिलं? गिरणी टाकली का घरात?"

"फ्रिज आहे मामा."

"फ्रिज? आन् ह्या आवाजात निजते व्हय पोटुशी बाई?" मामांचा आवाज बदलला. "मी रविवारी येतो. जीपच घेऊन येतो. घर बघतो, पटलं तर ठीक. न्हाई पटलं तर पोरीला संगं घेऊन जातो."

आता हे रविकिरणला परवडणारं नव्हतं. नायगावात अपरात्री काही झालं तर नांदेड गाठावं लागतं. पुनमच्या चुलत बहिणीचं पोरगं वाटेतच जीपमध्ये जन्मलं होतं, आणि नायगावात ते अजून कौतुकानं सांगतात. रविकिरणला त्यात कौतुक वाटत नव्हतं, भीती वाटत होती. पुनमलाही इथंच राहायचं होतं. हे घर तरी त्यानं कुणासाठी घेतलं होतं? तेव्हा रविवारच्या आत घर गप्प करायचं, असं त्यानं मनावर घेतलं.

२

एकदा मनावर घेतलं की हा माणूस कुणाचं ऐकत नसे. मिक्सरखाली त्यानं जुन्या टॉवेलची घडी घातली. फ्रिजच्या डुगडुगत्या पायाखाली पुठ्ठा दिला. पंखा उतरवून, पुसून, तेल घालून परत चढवला. इन्व्हर्टरखाली थर्माकोल आला. दारांच्या बिजागऱ्यांना करडीचं तेल पाजलं, इतकं की दार उघडलं की घरभर भज्यांचा वास सुटायचा. मिलच्या बाजूच्या खिडकीत जुनी गादी उभी केली.

"आता मलाबी पुठ्ठा लावा कुठं तरी," पुनम म्हणाली. "माझी ढेकर लई मोठी येऊन राहिली."

पण गुण आला. घर बरंच नरमलं. पुनम दुपारची गाढ झोपली, आणि रविकिरण हॉलमध्ये पाय टेबलावर टाकून बसला. स्वतःवर तो भारी खूश होता.

तेव्हा कूलरचा आवाज आला.

कूलर हॉलच्या खिडकीबाहेर, लोखंडी स्टँडवर होता. लातूरात सगळ्यांचेच असतात तसा, धड बाहेर आणि तोंड आत. त्याची खडखड रविकिरणला पाठ होती. हा आवाज खडखडीचा नव्हता. आधी 'खर्रर्र' झालं. मग जरा थांबून, हळू, 'हं-हं.'

पंप हवा ओढत असेल, असं रविकिरणनं स्वतःला सांगितलं. पाणी कमी झालं की होतं तसं. त्यानं उठून टाकीत डोकावलं. टाकी काठोकाठ भरलेली होती.

पुनम उठून आली होती. अंगात गाऊन, हातात भांडी पुसायचं फडकं. परत 'खर्रर्र, हं-हं' झालं, आणि पुनमनं ते फडकं उचलून डोक्यावर घेतलं, दोन्ही टोकं नीट पुढं ओढली, आणि भिंतीकडं सरकून उभी राहिली.

"हे काय?" रविकिरण हसला. "पदर कुणापुढं घेऊन राहिलीस?"

"कुठं?" ती म्हणाली. मग डोक्याला हात लावून तीच दचकली. ओलं फडकं हातात घेऊन ती त्याच्याकडं बघत राहिली. "अगं बाई. मी कधी घेतलं हे?"

लग्न झाल्यापासून रविकिरणनं तिला डोक्यावर पदर घेतलेलं एकदाच पाहिलं होतं, ते लग्नात.

३

त्यानं कूलरचा पंप बदलला. कूलर शहाणा झाला. दुसऱ्या दिवशी तोच आवाज फाटकाजवळच्या पाण्याच्या मोटरमधून आला. आधी खर्रर्र, मग थांबून हं-हं.

मोटर त्यानं बंद केली, प्लग उपटला, तेव्हा आवाज व्हरांड्यातल्या मीटरच्या डब्यातून यायला लागला. डब्याचं झाकण त्यानं तारेनं आवळलं. मग दाराची बेल. बेल दाबली की 'टिंगटाँग' वाजायचंच, पण कुणी न दाबता मध्येच खाकरायची.

हो, खाकरायची. हा शब्द त्याच्या मनात केव्हाच आला होता, पण फिजिक्सचा माणूस, तो शब्द जिभेवर घ्यायला लाजत होता. आपल्याकडची जुनी माणसं सरळ घरात शिरत नाहीत. दाराबाहेर थांबतात आणि खाकरतात. आत बायाबापड्या असतात, त्यांनी पदर सावरावा, पोरांनी गलका थांबवावा, म्हणून. निलंग्याजवळच्या गावी रविकिरणचे आजोबा असेच यायचे. ते खाकरले की आई-काकू उठून उभ्या राहायच्या आणि आतून कुणीतरी म्हणायचं, 'या.' म्हटल्याशिवाय आजोबा उंबरा ओलांडायचे नाहीत. स्वतःचं घर असून.

त्यानं सासऱ्यांना फोन लावला.

"मामा, कुठं आहात?"

"रानात. का?"

"लातूरकडं तर नाही ना आलात?"

"रविवारी येतो म्हणलं की. काय झालं?"

"काही नाही. तुम्ही आत्ता खाकरलात का?"

"जावाईबापू," मामा मग जपून म्हणाले, "ऊन लई हाय. डोक्याला रुमाल बांधत जा."

रविकिरणनं फोन ठेवला आणि पुनमला रेझोनन्स समजावून सांगितला. मिलची कंपनं जमिनीतून येतात, बाहेरच्या पत्र्यांना लागतात, आणि सारख्या मापाची वस्तू सारखा आवाज काढते. पुनमनं सगळं ऐकून घेतलं.

"मंग फ्रिजमधून का येत न्हाई?" तिनं विचारलं. "पंख्यातून? कूलर बाहेर, मोटर बाहेर, मीटर बाहेर. बेलचा डबाबी दाराबाहेरच हाय. आतलं एकबी न्हाई वाजलं."

रविकिरण म्हणाला, "मेकॅनिकला बोलावतो."

४

व्यंकटी मेकॅनिक आला तो येतानाच बोलत आला. कानावर पेन्सिल, कमरेला पकड, आणि कुठलीही वस्तू दुरुस्त करायच्या आधी तिला एक सणसणीत रट्टा घालायचा, ही त्याची पद्धत. कूलरला घातला, मोटरला घातला, मीटरला घालायला निघाला तेव्हा रविकिरणनं त्याचा हात धरला. चहा झाला. गावातल्या सगळ्या कूलर कंपन्यांच्या आयाबहिणी काढून झाल्या. मग तो व्हरांड्यात बैठक मारून बेल उघडून बसला. वायर तोडून त्यानं बेलचा डबाच मोकळा करून हातात घेतला.

डबा त्याच्या हातात खाकरला.

व्यंकटी ताडकन उठला. पायातल्या चपला काढून त्यानं बाजूला सारल्या, भिंतीला पाठ लावून वाट मोकळी केली आणि छातीवर हात ठेवून फाटकाकडं तोंड करून म्हणाला, "रामराम."

फाटकात कुणी नव्हतं. रस्त्यावर ऊन नुसतं भाजत होतं.

"कुणाला रामराम घातला?" रविकिरणनं विचारलं.

"कोण होतं?"

"कुणी नाही. हाच आवाज. यासाठीच तुला बोलावलं."

व्यंकटीनं हातातल्या डब्याकडं बघितलं, लोंबत्या वायरीकडं बघितलं, आणि डबा हळूच व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवला, अगदी अदबीनं. "साहेब, ह्याच्यात बिघाड काही न्हाई."

"मग?"

"मंग काय सांगू?" तो चपला शोधायला लागला. त्या पायासमोरच होत्या. "तुम्ही शिकलेले मानसं. पन कुणी कवापासून खाकरून राहिलंय, अन् घरातून कुणी 'या' म्हणंना. बरं दिसतंय का हे? किती वेळ उभं करायचं मानसाला उन्हात?"

"अरे, पण माणूसच नाही ना तिथं!"

"ते बी खरंय," व्यंकटी म्हणाला, आणि पकड तिथंच विसरून गेला. फाटकातून बाहेर पडताना तो अंग चोरून, कडेकडेनं गेला, मधोमध कुणीतरी उभं असल्यासारखा.

५

माणसाला भीतीपेक्षा शरम लवकर मारते, हे रविकिरणला त्या शुक्रवारी कळलं.

दुपार होती. पुनम स्वयंपाकघरात चटईवर निजली होती. रविकिरण हॉलमध्ये पोरांचे पेपर तपासत बसला होता. एका दिवट्यानं 'ध्वनी निर्वात पोकळीतून जातो' असं लिहिलं होतं, आणि त्यावर लाल रेघ मारावी की दोन माराव्यात याचा विचार चालला होता. व्यंकटीचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. मूर्खपणा आहे, हे त्याला कळत होतं. पण दारात आलेल्याला पाण्याला विचारायचं नाही, असं त्याच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं. उन्हातून आलेल्या भंगारवाल्यालाही त्याची आई आधी तांब्या द्यायची.

कूलर खाकरला.

या वेळचा आवाज कोरडा होता, दमलेला. खर्रर्र. थांबला. पुढचं हं-हं तर अर्धंच आलं, घशात अडकून राहिलं.

रविकिरणचं डोकं पेपरातच होतं. तोंडातून मात्र गेलं ते गेलंच, लहानपणापासून वळण पडलेलं, "या की. आत या, उन्हात कशाला उभे."

म्हणाला आणि त्यानं जीभ चावली.

खिडकीतून गार वारा येत होता. कूलरची पाती फिरत होती, हे त्याला दिसत होतं. पण त्यांचा आवाज येत नव्हता. त्यानं वर बघितलं. पंखा फिरत होता आणि त्याची कुर्र-टिक नव्हती. मागल्या भिंतीतून येणारी मिलची घरघर नव्हती. कॉलनीतलं कुत्रं फाटकाशी उभं राहून तोंड उघडझाप करत होतं, बहुतेक भुंकत होतं.

मग हॉलचा पडदा जरा हलला. वाऱ्यानं हलला असेल, वारा होताच. पडदा खाली बसला, आणि मधल्या खोलीतला लोखंडी पलंग कुरकुरला. मामी राहायला येणार म्हणून आणून ठेवलेला तो पलंग. त्यावर अजून कुणी बसलं नव्हतं.

तेवढी एक कुरकुर झाली आणि घर गप्प झालं. अख्खा आठवडा मरमर करून जे जमलं नव्हतं ते झालं होतं.

६

शनिवारी पुनमनं मिक्सरमध्ये चटणी लावली. शेंगदाणे फिरले, मिरच्या फिरल्या, बारीक झाल्या, आणि आवाज आला नाही. तिनं झाकण काढून आत बघितलं, वास घेतला, चव घेतली आणि म्हणाली, "तिखट झाली." डाळ मात्र करपली, कारण कुकरची शिट्टी नाचली पण वाजली नाही.

दोघं बोलत होते ते एकमेकांना ऐकू येत होतं, पण दोघंही हळू बोलत होते, आणि का ते कुणी कुणाला विचारत नव्हतं. पुनम सकाळपासून साडी नेसली होती. घरात ती गाऊन सोडून काही घालत नसे, उकाड्याचं कारण सांगायची. आता पदर डोक्यावर होता, आणि स्वयंपाकघरातून हॉलमध्ये यायचं तर ती मधल्या खोलीतून न येता मागच्या दारानं, घराला वळसा घालून, उन्हातून यायची. पोट सांभाळत.

"मधून का येत नाहीस?"

"मधून कसं येऊ?" ती म्हणाली, आणि स्वतःच विचारात पडली.

तिनं चहा आणला. ट्रेमध्ये तीन कप होते.

"तिसरा कुणाला?"

पुनमनं कप बघितले. तिच्या कपाळावर आठी पडली. "उरला म्हणून ओतला असंल," ती म्हणाली. तो कप तिनं मधल्या खोलीच्या पडद्याजवळ स्टुलावर ठेवला. दुसरीकडं ठेवायला जागा नव्हती असंही नाही. रविकिरणनं नंतर बघितलं तेव्हा कप भरलेलाच होता. त्यानं सुटकेचा श्वास सोडला आणि कप उचलला. वर साय धरली होती, आणि सायीला एका बाजूनं फुंकर मारून बाजूला सारल्यासारखी सुरकुती होती.

त्याला आता आवाज पाहिजे होता. कुठला का असेना, खरा आवाज. त्यानं मांडणीवरून स्टीलचं ताट घेतलं, डोक्याइतकं उंच धरलं आणि सोडलं. ताट फरशीवर पडलं, कडेवर उभं राहिलं, गरागरा फिरलं, फिरत फिरत आडवं झालं. काही वाजलं नाही.

मधल्या खोलीतून फक्त एवढं आलं: "हं."

रागाचं होतं ते. घरात भांडी आपटणाऱ्यांवर मोठी माणसं करतात तसं.

"चुकलं," रविकिरणच्या तोंडून गेलं. त्यानं ताट उचललं, पुसलं आणि जागेवर ठेवलं. मग त्याच्या लक्षात आलं की आपण कालपासून टेबलावर पाय टाकले नाहीत. शर्टाची वरची गुंडीही लावलेली होती.

त्या वेळी त्यानं ठरवलं. दवाखाना गेला खड्ड्यात. उद्या मामा जीप घेऊन येतील, पुनमला त्यांच्याबरोबर लावून द्यायचं, आणि मग आपणही कुलूप घालून निघायचं. त्यानं स्वतः तिची बॅग भरली. फायली, गोळ्या, झबली, सगळं.

"तुम्हीच म्हणाला होता इथंच राहायचं," पुनम म्हणाली.

"आता मीच म्हणतो जा."

"पण त्यांना विचारलं का?"

"कुणाला?"

पुनमचे डोळे भरून आले. "मला न्हाई माहीत," ती म्हणाली. "अहो, मला भ्या वाटून राहिलं. मी कुणाला म्हणले?"

रविकिरणनं तिचा हात धरला. दोघं हॉलमध्येच चटई टाकून निजले. मधल्या खोलीतला दिवा लावायला किंवा विझवायला कुणी गेलं नाही.

७

रविवारी जीप फाटकाशी थांबलेली रविकिरणला खिडकीतून दिसली. ऐकू काही आलं नाही. रामकिशनमामा उतरले. पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं, एका हातात तुपाची बरणी, काखेत आंब्यांची पिशवी. त्यांना बघून रविकिरणच्या जिवात जीव आला. सासऱ्याला बघून कुठल्या जावयाला इतका आनंद झाला नसेल.

मामा व्हरांड्यात आले. मोडलेल्या बेलकडं बघून त्यांनी नाक मुरडलं. मग जुनं माणूस, दार सताड उघडं असूनही उंबऱ्याबाहेर थांबले आणि खाकरले. हे तंबाखूचं, हाडामासाचं, ओळखीचं खाकरणं होतं. रविकिरण धावत उठला. 'या मामा' म्हणायला त्यानं तोंड उघडलं.

त्याच्या आधी मधल्या खोलीतून आवाज आला, "या."

एकच शब्द. मामांना तो एका माणसाचा वाटला असेल. रविकिरणला त्यातला तुकडा न् तुकडा ओळखू आला. तळाशी फ्रिजची घुरघुर होती. वरून इन्व्हर्टरचा ऊं होता. पंख्याची कुर्र होती, मिक्सरची घरघर होती, कुकरची न वाजलेली शिट्टी होती, आणि मागं लांबवर अख्खी दालमिल दळत होती. घरातनं गेलेले सगळे आवाज तिथं एका जागी होते, आणि ते बोलत होते.

मामांचा चेहरा उजळला. त्यांनी चपला काढल्या, टोपी सारखी केली आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, "आसं व्हय! मोठं माणूस हाय की घरात! फोनवर सांगायचं न्हाई का, जावाईबापू?"

"मामा, कुणी नाही..."

"निलंग्याकडले का? तुमचे चुलते? आवाज लई भारदस्त हाय." मामा हॉलमध्ये टेकले, चारी बाजूंना बघितलं. "अन् घर किती शांत! मी म्हणलं, मिलच्या मागं हाय, कान फुटतेल. हितं तर देवळावानी हाय."

"मामा, पुनमला घेऊन जा. बॅग भरून ठेवलीय."

"आता कशाला?"

"तुम्हीच म्हणत होता ना..."

"म्हणत होतो ते घरात कुणी नव्हतं म्हणून." मामा उठले, खिडकीशी गेले आणि जीपवाल्याला हातानं खूण केली, जा, लागत नाही. "आता मला घोर न्हाई. पोरगी इथंच ऱ्हाऊ द्या. मोठं माणूस बघंल."

रविकिरणनं सासऱ्याचे पाय धरले. जावयानं पाय धरायची रीत नाही, उलटी आहे. मामा दचकून मागं सरले. "आवं, आवं! हे काय करून राहिले?"

"आजच न्या मामा. आत्ता. कारण विचारू नका."

मामांनी लेकीकडं बघितलं. पुनम दाराशी उभी होती, डोक्यावर पदर, मान खाली, हातात बॅग. ती रडत होती आणि रडण्याचा आवाज येत नव्हता. मामांना काय वाटलं कोण जाणे. नवराबायकोचं काही वाजलं असेल असं वाटलं असावं. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "बरं, बरं. नेतो. पण आसं कसं नेऊ? घरच्या मोठ्या माणसाला न विचारता लेक उचलून नेली तर काय म्हणतेल ते? जावा, आत जाऊन विचारून या. ते 'ने' म्हणले, की मी जीपला मागं बोलावतो."

"तुम्ही विचारा ना, मामा."

"मी कसा? घर तुमचं हाय."

हे तर खरंच होतं. घर त्याचं होतं, कागदावर त्याचंच नाव होतं. सरळ जायचं, पडदा ओढायचा आणि रिकामा पलंग मामांना दाखवायचा. एवढंच करायचं होतं. रविकिरण पडद्यापर्यंत गेला. पडदा आणि चौकट यांच्यामध्ये बोटभर फट होती, तीतून पलंगाची कड दिसत होती. चादर ताणून अंथरलेली होती. कडेला, मधोमध, गादी खोल दबली होती.

त्यानं पडदा धरायला हात उचलला. हात गेला नाही. पायांनीही ऐकलं नाही. अंगात कुठंतरी मुरलेलं ते वळण होतं, ते त्याच्या शिक्षणापेक्षा जुनं होतं. तो स्वतःच्या घरात, स्वतःच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर थांबला, आणि खाकरला.

आतून कुणी 'या' म्हटलं नाही.

तो परत खाकरला. घसा कोरडा पडला होता, पुढचं हं-हं अर्धंच निघालं. खिडकीतून त्याला रस्ता दिसत होता. जीप धूळ उडवत वळली आणि कोपऱ्याआड गेली.

"थांबा की," मागून मामा दबक्या आवाजात म्हणाले. "म्हणतेल. मोठं माणूस हाय, घाई करू नाही."

रविकिरण उभा राहिला.